बंदूक कोणाच्या खांद्यावर?

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला लेकीकडे एक आजोबा राहायला आले होते. उभी हयात साताऱ्याच्या कोर्टात वकिली करण्यात गेलेली. नातीच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होती आणि तिच्या वाट्याला शस्त्र बाळगण्याच्या हक्काची बाजू आली होती. तिनं भाषण म्हणून दाखवलं. शस्त्रहक्काची १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती, त्या हक्कावरचा २००८ चा हेलर खटला, सगळं चोख. शेवट तर टाळ्या घेणारा: हा हक्क सरकारच्या मेहेरबानीवर नाही, तो प्रत्येक नागरिकाचा आहे.

"२ मे १९६७ ला हेच म्हणाली असतीस?" आजोबांनी विचारलं.

तिला त्या तारखेचा पत्ता नव्हता. वास्तविक गोष्ट तिच्या घराजवळच्या ऑकलंडची. तिथल्या काळ्या वस्तीत पोलिसांची दहशत होती. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या तरुणांनी १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी काढली. आपल्याकडच्या दलित पँथरनं पुढं १९७२ मध्ये नाव घेतलं ते तिचंच. न्यूटननं कायद्याचा बारकाईनं अभ्यास केला होता. भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला त्या काळी कॅलिफोर्नियात मुभा होती. पोलिसांनी काळ्या माणसाची गाडी अडवली की पँथर येऊन अंतर राखून उभे राहत. खांद्यावर बंदूक, हातात कायद्याचं पुस्तक. अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्यानं वाचून दाखवत.

आमदार डॉन मलफर्ड यांनी लगेच अशी शस्त्रं बंद करणारं विधेयक आणलं. त्याचा निषेध करायला त्या २ मेला तीसेक पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. बाहेर हिरवळीवर गव्हर्नर रोनाल्ड रेगन शाळकरी मुलांना भेटत होते. नागरिकानं रस्त्यावर भरलेली बंदूक घेऊन फिरायचं काहीच कारण नाही, असं ते त्या दिवशी म्हणाले. जुलैत त्यांनी कायद्यावर सही केली. बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशनचाही त्याला पाठिंबा होता.

"म्हणजे कायदा वाईट होता का, आजोबा?"

"तसं मी म्हणत नाही. रस्त्यात भरलेली बंदूक नको म्हणायला भक्कम कारणं आहेत. पण गोरा माणूस तशीच बंदूक लावून हिंडत होता, तेव्हाही ती कारणं होतीच की! तेव्हा कोणाला सुचली नाहीत. आपल्याकडे इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. भीती कोणाची वाटते त्यावर हक्क ठरत असेल, तर त्याला हक्क कशाला म्हणायचं?"

"हे सगळं जुनं झालं."

मग आजोबांनी २०१६ मधला मिनेसोटाचा फिलँडो कास्टील सांगितला. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा काळा माणूस, बंदुकीचा रीतसर परवाना असलेला. गाडी अडवणाऱ्या पोलिसाला त्यानं आपणहून सांगितलं, माझ्याकडे शस्त्र आहे. पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. रायफल असोसिएशनच्या पहिल्या निवेदनात त्याचं नावसुद्धा नव्हतं.

नात वैतागली. "मग मी दुसऱ्या बाजूनंच बोलते!"

"बोल की. पण तिथंही हेच विचार. न्यूयॉर्कचा कडक परवाना कायदा सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मोडला. त्या खटल्यात गरिबांचे खटले चालवणारे वकील, त्यांत काळे वकीलही, कायद्याच्या विरोधात उभे राहिले. या कायद्याखाली तुरुंगात जातात ते बहुतेक आमचे काळे-सावळे अशीलच, असं त्यांचं म्हणणं. तुरुंगात काळेच जास्त का, असं पोटतिडकीनं विचारणारे कितीतरी लोक मात्र कायद्याच्या बाजूनं होते."

नातीनं रात्री बसून भाषण नव्यानं लिहिलं. न्यूटन आणि कास्टील, दोघांनाही त्यात घेतलं.

स्पर्धेत प्रतिस्पर्धी मुलानं नेमका घाव घातला. रात्री ज्याला पाहून तू रस्ता बदलशील, त्याच्याही हातात बंदूक चालेल का?

ती क्षणभर थांबली. "चालेल. त्याला नाही म्हणायचं असेल तर मला माझ्या वडिलांनाही नाही म्हणावं लागेल, आणि आत्ताच उठून तुझ्या बाजूला बसावं लागेल. आता तू सांग. तुझ्या कायद्याखाली पहिली झडती कोणत्या वस्तीत होईल? ती श्रीमंतांच्या वस्तीतही तशीच झाली पाहिजे, असं तू इथं म्हणशील?"

मुलानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणेन."

परीक्षकांनी दोघांना सारखे गुण दिले.