‘बघताक्षणी कळतं’ म्हणणारांना एक सवाल

कामावर कोणाला घ्यायचं, कोणाला कुठल्या मशीनवर उभं करायचं, हे ठरवताना वरचे लोक म्हणतात, ‘आम्हाला माणूस बघताक्षणी कळतो.’ हे कळणं येतं कुठून, एवढाच माझा सवाल आहे.

अंदाज म्हणजे सगळं खोटं, असं मी म्हणत नाही. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. चात्यांचा आवाज जरा बदलला की डोक्यानं विचार करायच्या आत माझा हात तिकडं जातो. पण हा अंदाज फुकट मिळालेला नाही. तो चुकला की तुटलेला धागा लगेच तोंडावर सांगतो. मशीन कुणाची भीड ठेवत नाही. रोज मार खाऊन शहाणा झालेला अंदाज आहे हा.

माणसाबद्दलच्या अंदाजाला असा मार कोण देणार? मुंबईच्या गिरण्यांचं बघा. साचेखात्यात पगार जास्त. तिथं कांडी बदलली की विणकर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचा. अस्पृश्याचं तोंड लागलं तर बाटेल, म्हणून आपल्या माणसांना ते खातं बंद. आपली जागा त्रासनखात्यात. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढंच टाकला. आता सांगा, पिढ्यान्‌पिढ्या ज्याला साच्याजवळ फिरकू दिलं नाही, त्याच्याकडं बघून ‘विणकाम ह्याचं काम नव्हे’ असं कोणालाही आतून वाटणारच. आणि तो माणूस हे वाटणं खोटं पाडणार कुठं?

गेटवरचा जॉबर तसाच. सकाळी बदली कामगार निवडायचा तो नजरेनं. त्या नजरेत जात, गाव, दस्तुरी, सगळं कालवलेलं. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघानं बदली कार्डं काढली ती ह्याच सत्तेला लगाम घालायला.

म्हणून ‘मला आतून वाटतं’ म्हणणाऱ्याला एकच विचारायचं : तुमचं चुकलं तर तुम्हाला कळणार कधी, आणि सांगणार कोण? ह्याला उत्तर नसेल तर त्या वाटण्याला अनुभव म्हणू नका. ती ऐकीव गोष्ट आहे, अंगात मुरलेली.

आणि हे फक्त मालकालाच विचारू नका. आपल्या बैठकीत, सभेत कोण बोलणार हे ठरताना कोणी म्हणालं, ‘ती पोरगी? तिला नाही जमायचं,’ तर तिथंच थांबवा. विचारा, तिच्या हातात माईक दिला होता का कधी? आधी तिला तीन सभांत बोलू द्या. मग सांगा तुमचा अंदाज.