सुबत्तेच्या दिवसांतील शिदोरी



पवित्र कुरआनच्या सूरह युसूफमध्ये एका राजाच्या स्वप्नाचे वर्णन आहे. सात लठ्ठ गायींना सात कृश गायी खात आहेत. सात कणसे हिरवी आहेत आणि इतर वाळलेली. दरबाऱ्यांनी हे स्वप्न निरर्थक ठरविले. ह. युसूफ (अ.) त्या वेळी निरपराध असूनही कारावासात होते. त्यांनी स्वप्नाचा अर्थ सांगितलाच, शिवाय उपायही सांगितला. सात वर्षे नित्याप्रमाणे शेती करावी, खाण्यापुरते थोडे धान्य काढून घ्यावे आणि उरलेले कणसातच राहू द्यावे. कारण त्यानंतर सात कठीण वर्षे येणार आहेत. त्या कठीण वर्षांतही साठ्यातला थोडा अंश राखून ठेवला जाईल, असे त्यांनी सांगितले.

अल्लाहच्या प्रेषिताने संकट येण्यापूर्वीच त्याची तयारी करावयास शिकविले, ही गोष्ट आपण लक्षपूर्वक ध्यानी घेतली पाहिजे. दुष्काळ केवळ शेतात पडतो असे नाही. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाट्यालाही तो येतो. वडिलांचे काम अचानक बंद पडते, आईला रुग्णालयात दाखल करावे लागते, शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर खात्यात येत नाही, ऐन परीक्षेच्या तोंडावर लॅपटॉप बिघडतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा रोजंदारीवर चालणाऱ्या असंख्य घरांची मिळकत एका रात्रीत थांबली. अशा वेळी दोन-चार हजार रुपयांसाठी परीक्षेचा अर्ज राहून जातो, एक वर्ष वाया जाते आणि कधी कधी शिक्षणच सुटते. रक्कम लहान असते. पण तिच्या अभावी होणारी हानी आयुष्यभराची असते.

कोणी म्हणेल, उद्याची चिंता करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही काय? मुळीच नाही. उंट बांधावा की मोकळा सोडून अल्लाहवर विसंबावे, असे एका व्यक्तीने विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्याचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याचा आदेश दिला. आपल्या कुटुंबीयांसाठी ते वर्षभराची अन्नसामग्री राखून ठेवत, असे हदीसमध्ये आले आहे. ह. कअब बिन मालिक (रजि.) यांनी तौबा कबूल झाल्याच्या आनंदात आपली सर्व संपत्ती दान करू इच्छिली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना काही भाग स्वतःजवळ ठेवण्यास सांगितले आणि त्यातच त्यांचे हित असल्याचे स्पष्ट केले. दानासारख्या श्रेष्ठ कार्यातही हात पूर्ण रिकामा करू नये, ही शिकवण असेल, तर चैनीच्या वस्तूंसाठी तो रिकामा करणे कितपत योग्य?

गाठीशी काही नसले की माणूस कर्जाकडे वळतो. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. त्याचे कारण विचारले असता त्यांनी सांगितले, की कर्जबाजारी माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. म्हणजे कर्जाचा आघात केवळ खिशावर नव्हे, तर चारित्र्यावरही होतो. आज मोबाइलवर काही मिनिटांत व्याजी कर्ज मिळते. अडचणीतला तरुण ते घेतो, मग ते फेडण्यासाठी दुसरे घेतो, घरी खरे सांगत नाही, मित्रांचे फोन टाळू लागतो. अल्लाहने निषिद्ध ठरविलेल्या व्याजाचे दार अशा रीतीने उघडते. थोडीशी बचत हे दार बंद ठेवते; म्हणून ती ईमानच्या रक्षणाचेही साधन आहे.

याची सुरुवात लहान असावी. रोज वीस रुपये बाजूला ठेवले, तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. आपल्या आई-आजी डाळ-तांदळाच्या डब्यात पैसे राखत आल्या, तीच ही रीत. प्रथम एका महिन्याच्या खोलीभाड्याएवढी व मेसच्या खर्चाएवढी रक्कम जमवावी आणि मग ती हळूहळू तीन महिन्यांपर्यंत न्यावी. महिन्याचे पैसे हाती येताच बचतीचा वाटा आधी काढावा. शेवटी उरेल ते ठेवू म्हटले, तर काहीच उरत नाही. कणसातले धान्य टिकते, तशी ही रक्कमही रोजच्या व्यवहाराच्या खात्यापासून वेगळी असावी. खात्यावर व्याज जमा झाल्यास ते स्वतः न वापरता, पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजवंतास द्यावे, असे उलमांचे मार्गदर्शन आहे.

मात्र बचत म्हणजे कंजूषपणा नव्हे. खर्चात उधळपट्टीही नको आणि कृपणताही नको, मध्यममार्ग असावा, हे रहमानच्या सेवकांचे लक्षण कुरआनने सांगितले आहे. संपत्ती साठवून अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना त्याने कठोर इशाराही दिला आहे. म्हणून आपली एकूण शिल्लक साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी होऊन चांद्रवर्ष उलटल्यास अडीच टक्के जकात अवश्य द्यावी. तसेच खोलीतल्या सोबत्यावर संकट आले, तर त्याच बचतीतून त्याला कर्जे-हसना द्यावे आणि परतफेडीसाठी सवड द्यावी. ज्याच्यापाशी काहीच नाही, तो इच्छा असूनही असा हात देऊ शकत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. लग्नसमारंभातील दिखाऊ खर्चातून एखाद्या दिवसाचा खर्च वाचवून तो मुलामुलींच्या शिक्षणासाठी राखून ठेवा. घरातील आर्थिक स्थिती त्यांच्यापासून लपवू नका. ज्या मुलीला घराची मिळकत ठाऊक असते, ती पैसा जपून वापरते आणि अडचण आली की सर्वप्रथम तुमच्याशी बोलते.

हे अल्लाह! आमच्या मुलामुलींच्या ज्ञानात आणि उपजीविकेत बरकत दे. त्यांना कर्जाच्या ओझ्यापासून व व्याजाच्या संकटापासून वाचव. त्यांचा हात घेणारा नव्हे, तर देणारा बनव. आमीन!