इन्व्हर्लीथमधलं एक पान

फाटकातून आत या. सावकाश.

तिकीटखिडकी शोधू नका. एडिंबरा शहराच्या उत्तरेला, इन्व्हर्लीथच्या या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये बाग बघायला पैसे पडत नाहीत.

म्हणजे इथे काही वसूल करायचं नाही. बाग सत्तर एकरांची आहे. असू द्या. आपल्याला आज एक पान पुरे आहे.

श्वास घ्या.

मे महिना आहे. ऊन आहे, तरी कानाच्या पाळ्या गार पडल्यात. कापलेल्या गवताचा ओला वास येतोय. तो आत येऊ द्या. घाईने सोडू नका.

आता चाला. आपल्याच पावलांचा आवाज ऐका.

बीच नावाच्या झाडांच्या उंच कुंपणापाशी थांबा. शंभराहून जास्त वर्षांचं आहे हे. मान मागे टाकावी तेव्हा त्याचा माथा दिसतो. असं छाटून राखलेलं बीच सुकलेली पानंसुद्धा हिवाळाभर धरून ठेवतं. नवी पालवी फुटायची वेळ आली, की मग जुनं सोडतं.

खाली बघा.

तपकिरी, पातळ खवले पडलेत. कालपरवापर्यंत कळ्या त्यांच्यात मिटलेल्या होत्या. एक उचला. तळहातावर ठेवा. वजन लागतंय का?

आता डोळ्यांसमोरचं एक पान निवडा. तोडू नका. खालून नुसता बोटाचा आधार द्या.

बघा.

मधून एक शीर. तिच्या दोन्ही अंगांना तिरक्या, सरळ शिरा. पान अजून पुरतं उलगडलेलं नाही; शिरांशिरांवर नऊवारीच्या निऱ्यांसारखं दुमडलेलं आहे. कडेला लव आहे, पांढरी, रेशमी. पान जरा उजेडाकडे करा, म्हणजे दिसेल. उजेड पानाच्या आरपार येतोय. तुमच्या बोटावर थोडी हिरवी छटा पडलीय.

इथेच राहा.

मन भटकेल. खिशातल्या फोनकडे जाईल, परतीच्या बसकडे जाईल. जाऊ द्या. परत आलं, की त्याला पुन्हा ही कड दाखवा.

श्वास घ्या. बघा.

असं पानांकडे बघत बसलेला एक माणूस मला इथे फार आठवतो. तो इथला नव्हे, दापोडीचा. आपल्या पुण्याजवळची दापोडी. एकोणिसाव्या शतकात तिथे मुंबई सरकारची वनस्पतीबाग होती आणि अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर ती सांभाळत होता. १८४७ ते १८५० या काळात त्याने बागेतल्या झाडाफुलांची चित्रं करून घेतली. ती चित्रं आज याच एडिंबराच्या बागेच्या संग्रहात जपलेली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तकही लिहिलं.

चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता, एवढंच कळतं. त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

मला हे लागतं. गिब्सनचं नाव राहिलं, झाडांची लॅटिन नावं राहिली, आणि ज्याने ती झाडं इतक्या जवळून पाहिली त्याचंच राहिलं नाही.

पण त्याचं बघणं राहिलंय. पान चितारणाऱ्याला अंदाजाने पुढे जाता येत नाही. शीर कडेला टेकते की आधीच वळते, हे बघूनच ठरवावं लागतं. देठ जिथे पानाला मिळतो तिथला रंग नेमका कुठला, हेही.

तुम्हीही बघा. हातातल्या या पानाची शेवटची, टोकाजवळची शीर. ती कुठे संपते?

डोळ्यांनी तिच्यावरून हळूहळू जा. देठापासून निघा. थांबलात तरी चालेल. पुन्हा निघा.

मागून कुणाची तरी बाबागाडी जाते. चाकांखाली खडी करकरते. ऐका, आणि जाऊ द्या. वारा येतो. सगळं कुंपण हलतं, तुमचं पानही हलतं. बोट घट्ट करू नका.

ते हलायचं थांबेपर्यंत थांबा.

१६७० मध्ये औषधी वनस्पतींसाठी सुरू झालेली ही बाग आधी शहरात होलीरूडजवळ होती. जागा बदलत बदलत १८२० च्या दशकात ती इथे आली. साडेतीनशे वर्षं इथली माणसं हेच करत आली आहेत: एक रोप घ्यायचं आणि ते नीट बघायचं. बाकीचं शास्त्र त्यानंतरचं.

आता बोट काढून घ्या. पान आपल्या जागी जाईल. लगेच निघू नका. एक श्वास आणखी.

नाताळ आणि १ जानेवारी सोडून ही बाग रोज सकाळी दहाला उघडते. एडिंबरात असाल तर या. नसाल तर घराबाहेरच्या कुठल्याही झाडापाशी जा, आंबा असो की रस्त्याकडेचा पिंपळ, आणि एका पानाला दहा मिनिटं द्या. आजच द्या.