टिपणं आणि सांगणं

मराठीत ‘टिपणं’ हे क्रियापद बरीच कामं करतं. चिमण्या दाणे टिपतात, शिकारी पाखरू टिपतो, फोटोग्राफर तेच पाखरू कॅमेऱ्यात टिपतो. बंदूक आणि कॅमेरा या दोघांना एकच क्रियापद लावताना आपल्याला काही खटकत नाही. झाडाच्या खोडाला बांधून ठेवायचा, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा जो कॅमेरा असतो, त्याला तर सरळ ‘कॅमेरा ट्रॅप’च म्हणतात. नाव देणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही; हा सापळाच आहे. पण या सापळ्यातून जनावर आपल्या वाटेनं निघून जातं. मग मागे जे उरतं ते काय असतं, आणि त्यावर हक्क कोणाचा? गेली चार वर्षं मी असा एक कॅमेरा वापरते आहे. या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत नाही, म्हणून इथे मांडते आहे.

या यंत्राचा पूर्वज खरोखरच शिकारीतून आला. अमेरिकेतल्या जॉर्ज शायरस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंदूक बाजूला ठेवून रात्री फ्लॅश वापरून हरणांचे फोटो काढायला सुरुवात केली. कधी होडीतून, कधी वाटेवर तार ताणून. जनावराचा पाय तारेला लागला की फोटो निघायचा. ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं जुलै १९०६च्या अंकात त्यांचे ७४ फोटो छापले. आपल्याकडे संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी तारेच्या याच युक्तीनं वाघांचे फोटो मिळवले आणि १९२७मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. वाघ मारणं हा जेव्हा मोठेपणा होता, त्या काळात या माणसाला वाघाचा फोटो पुरेसा वाटला. टिपण्याचा एक अर्थ सोडून त्यांनी दुसरा धरला, आणि त्यात वाघाचा जीव वाचला. कॅमेरा ट्रॅपच्या बाजूनं बोलताना ही पहिली गोष्ट मान्य केली पाहिजे.

आता तार गेली. आजच्या कॅमेऱ्यात उष्णतेतला बदल ओळखणारा सेन्सर असतो. कोमट अंगाचं काही समोरून सरकलं की तो जागा होतो. रात्री माणसाला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून करडा फोटो काढतो आणि त्यावर तारीख-वेळ उमटवतो. नव्वदच्या दशकात उल्हास कारंत यांनी नागरहोळेमध्ये या फोटोंचा उपयोग वाघ मोजण्यासाठी केला, कारण वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे. पुढे पंजांचे ठसे मोजण्याची जुनी पद्धत मागे पडली. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि जवळजवळ साडेतीन कोटी फोटो जमले. त्यातले वाघाचे ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक वाघ. बाकीच्यांत इतर प्राणी, गुरं, वाऱ्यानं हललेलं गवत, आणि माणसं. या शेवटच्या शब्दाकडे मी नंतर येणार आहे.

माझा कॅमेरा मोजणी करत नाही. पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात वडिलांच्या गावी आमची दीड एकर जमीन आहे. तिच्या वरच्या बांधाला एक ओहोळ आहे, तिथे तो असतो. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही, म्हणून तो आमच्या बांधाच्या आतच. गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधायचा, समोरचं गवत कापायचं, भिंगाचं तोंड उगवतीकडे करायचं नाही. एवढं सांभाळलं की झालं. दोन-तीन आठवड्यांनी पुण्याहून जायचं, कार्ड बदलायचं आणि चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं. साळिंदर, उदमांजर, ससे, मुंगूस. एकदा भेकर आपल्या पिलाला मागे ठेवून पाण्यावर आलं, मान वर करून बराच वेळ ऐकत राहिलं आणि पाणी न पिताच परतलं. सातबाऱ्यावर नाव आमचं असलं तरी संध्याकाळी सातनंतर ही जमीन कोण कसते, हे मला पन्नाशीत कळलं. हा आनंद खरा आहे. त्याला थिल्लर म्हणणाऱ्यांशी मी वाद घालेन.

तरीही या पाहण्यात काहीतरी वेगळं आहे, हे मचाणाशी तुलना केली की लक्षात येतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांच्या नोंदी करण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे; आता वनखातं तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतं. मी दोनदा बसले आहे. रात्रभर डास, अवघडलेले पाय, दाबून धरलेला खोकला. वारा फिरला तर आपला वास जातो आणि पाण्यावर येणारं जनावर येत नाही. तिथे पाहण्याची किंमत मोजावी लागते, आणि पाहणारा स्वतःही पाहिला जाऊ शकतो. कॅमेऱ्यात ही किंमत नाही. मी पुण्यात झोपलेली असते आणि माझा डोळा बांधावर जागा असतो.

सार्त्रनं १९४३च्या आपल्या ग्रंथात कुलपाच्या भोकातून आत बघणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं आहे. तो बघण्यात गुंग असतो तोवर त्याला स्वतःची जाणीवच नसते. मागे पावलं वाजली की क्षणात त्याला शरम वाटते, कारण आता तो स्वतः कोणालातरी दिसतो आहे. कॅमेरा ट्रॅप हे असं भोक आहे, की ज्याच्या मागे पावलं कधी वाजत नाहीत. म्हणून शरमेचीही सोय नाही.

अर्थात जनावराला हे भोक अगदीच कळत नाही असं नाही. २०१४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हे कॅमेरे बारीक आवाज करतात आणि त्यांचा प्रकाश काही प्राण्यांना जाणवू शकतो. माझ्याकडच्या फोटोंतही साळिंदर मधेच थबकून थेट भिंगाकडे बघतं. पण मला तेवढ्यानं अपराधी वाटत नाही. आपण माणसं खासगीपणा जपतो ते अब्रूसाठी, कुचाळक्यांच्या भीतीनं, कोणी आपल्यावर सत्ता गाजवू नये म्हणून. साळिंदराला अब्रूची काळजी नाही. मचाणावरच्या माझ्या वासापेक्षा त्या लहानशा डबीचा त्याला उपद्रवही कमी. पण त्याला लपण्याची गरज आहे, आणि ती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आपली लपण्याची जागा उघड झाली तर आपण घर बदलतो, जनावर मरतं. तेव्हा त्याच्या दृष्टीनं प्रश्न आपण त्याला पाहिलं की नाही हा नाहीच. ते कुठे असतं हे आपण कोणाला सांगितलं, हा आहे.

माणसांचं निराळं. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात १४ महिने काम केलं, २७० स्थानिकांशी बोलले. त्यांचा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बायका लाकूडफाट्याला, गवताला जंगलात जातात. घरात जे बोलता येत नाही ते तिथे बोलतात, मोठ्यानं गाणी म्हणतात; त्या आवाजानं जनावरंही सावध होऊन दूर राहतात. जागोजागी कॅमेरे आल्यावर त्या गप्प झाल्या आणि कॅमेरे चुकवायला अनोळखी भागात जाऊ लागल्या. एका बाईचा आडोशाला बसलेली असतानाचा फोटो कॅमेऱ्यात आला आणि तो गावातल्या मोबाइलांवर फिरला. गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले, जाळले. वाघांसाठी लावलेल्या सापळ्यात बाई सापडली, आणि ती भेकरासारखी आपल्या वाटेनं निघून जाऊ शकली नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शेजारच्या काकूंचं बोलणं आठवलं. पहिल्यांदा कॅमेरा बांधायला निघाले तेव्हा त्यांनी हटकलं होतं, “ताई, वाटंवर नका लावू त्ये. आमी बाया तिकडनंच जातो.” म्हणून तो वाटेपासून वर, ओहोळावर गेला. संमती या शब्दाभोवती आपण इतकं लिहितो, पण तिचं साधं रूप हे असं असतं. जिची वाट आहे तिला आधी विचारायचं.

आता खरा पेच. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत कार्डावर बिबट्या आला. पहाटेचे पाच बारा. ओहोळ ओलांडून तो त्याच वाटेकडे उतरला होता. पंधरा दिवसांत तीन वेळा. मला झालेला आनंद इथे लिहून दाखवता येणार नाही. पण तो फार टिकला नाही, कारण त्याच वाटेनं शेजारच्या तात्यांच्या शेळ्या जातात आणि सातला त्यांचा नातू शाळेला निघतो. सांगितलं तर? घबराट होईल, पिंजऱ्याची मागणी होईल, कोणी मेलेल्या शेळीत विष घालेल. न सांगितलं तर, ज्या माहितीवर त्या मुलाचा जीव अवलंबून असू शकतो ती माझ्या लॅपटॉपमध्ये माझ्या करमणुकीसाठी पडून राहील. वन्यजीवांवर प्रेम करणाऱ्या माझ्या काही मित्रांचा सल्ला होता, गप्प राहा. मला तो पटला नाही. बिबट्याच्या वतीनं गप्प राहण्याची किंमत मी भरणार नव्हते, तात्यांचं घर भरणार होतं. दुसऱ्याच्या नातवाच्या जिवावर आपण उदार होणं याला निसर्गप्रेम म्हणत नाहीत.

आणि गप्प राहिल्यानं बिबट्याचं तरी भलं होतं का? आपल्याच जिल्ह्यातला अनुभव बघावा. जुन्नर भागात २००१पासून उसात सापडलेले बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर झाला. समज असा, की बिबट्या जंगलातून वाट चुकून आला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की या स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. पुढे त्यांनी अकोले परिसरात, जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात, तिथे कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस निघाले. ते वाट चुकलेले नव्हते, तिथलेच रहिवासी होते. ही गोष्ट कॅमेऱ्यांनी उजेडात आणली, आणि ती लपवून नव्हे तर सांगून उपयोगाची झाली. अज्ञानानं त्या भागात माणसं आणि बिबटे दोघांचंही नुकसान केलं होतं.

मी लॅपटॉप घेऊन तात्यांच्या ओट्यावर गेले. त्यांनी फोटो निरखून बघितला, काकूंना हाक मारली, नातवाला दाखवला. म्हणाले, “ह्यो हायेच की. वानरं वरडत्यात तवाच कळतं. पर हितनं उतरतोय ह्ये न्हवतं म्हाईत.” दुसऱ्या दिवसापासून शेळ्या उशिरा निघू लागल्या, गोठ्याचं दार बदललं, नातवाबरोबर कोणीतरी जाऊ लागलं. वर वाघजाईचं ठाणं आहे, तिथे ते वर्षातून एकदा नारळ फोडतातच. पिंजऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. सगळीकडे असंच होईल असा माझा दावा नाही. ज्या घरातलं मूल बिबट्यानं नेलं आहे, तिथे जाऊन सहजीवनावर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. माझं म्हणणं एवढंच, की काय करायचं हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या वाटेवर चालणाऱ्यांचा होता, आणि माहितीशिवाय त्या हक्काला अर्थ नव्हता.

मग दुसरी मागणी आली. जवळच्या एका रिसॉर्टच्या मालकांना कुठूनसा सुगावा लागला. फोटो आणि नेमकी जागा द्या, नाव तुमचंच टाकू, पाहुण्यांना आवडेल. मी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. फोटो पाहूनच लोकांना जनावरांचं प्रेम लागतं. मलाही तसंच लागलं. पण त्या पाहुण्यांना बिबट्या आहे हे समजणं आणि तो पाच बाराला कुठून उतरतो हे समजणं यांत फरक आहे. पहिल्यानं कुतूहल वाढतं. दुसऱ्यानं रात्री सर्चलाइट घेऊन गाड्या येतात, आणि त्यांच्यामागून कधी आणखी वाईट हेतूची माणसंही. जे धोका वाहतात त्यांना नेमकी जागा लगेच कळावी. जे फक्त मजा घेणार आहेत त्यांना उशिरा, जागेशिवाय कळली तरी चालेल. समाजमाध्यमांवर आपण नेमकं उलटं करतो. फोटो आधी जगाला जातो, वाटेवरच्या घराला शेवटी, तोही कोणीतरी फॉरवर्ड केला तर.

या तत्त्वाचा एक जड भाग आहे आणि तो टाळता येत नाही. उद्या आमच्या भागात बिबट्यानं माणूस मारला आणि गावानं किंवा वनखात्यानं माझ्याकडचे फोटो मागितले, तर? बिबट्याच्या अंगावरचे ठिपकेही प्रत्येकाचे वेगळे. फोटोंवरून जनावर ओळखता येतं. चार वर्षं ज्याला हौसेनं टिपलं त्याच्याविरुद्ध मला पुरावा द्यावा लागेल. मी देईन. ज्यांच्याजवळ राहून मी पाहण्याचा आनंद घेतला, त्यांच्या शोकाच्या वेळी कॅमेरा माझा खासगी आहे असं म्हणता येणार नाही. शिवाय त्याच फोटोंवरून दुसरा एखादा निरपराध बिबट्या पिंजऱ्यातून सुटूही शकेल. तोपर्यंत कार्ड बदलत राहायचं, आणि बदलल्यावर पुण्याची गाडी पकडण्याआधी तात्यांच्या ओट्यावर जायचं.