पॅकअप कुणी म्हणायचं?

कमी पैशांतल्या सिनेमाच्या सेटवर आजारी माणसाला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : ‘जमेल ना?’ विचारणारा दिग्दर्शक वाईट नसतो, त्याची काळजीही खरी असते. पण त्याच्या पाठीमागे अख्खं युनिट ताटकळत उभं असतं, कॅमेरा आणि लाइट दिवसाच्या भाड्यावर आलेले असतात आणि पन्हाळ्याच्या बाजूचा वाडा मालकाने रविवारपर्यंतच दिलेला असतो. अंगात कणकण असलेला आपला कोल्हापूरचा नट मग दुसरं काय म्हणणार? ‘चालतंय की!’ दोन गोळ्या, वर लिंबूपाणी, आणि शॉट रेडी.

याला आपण जिद्द म्हणतो. मला त्यात जिद्दीपेक्षा भीड जास्त दिसते.

या जिद्दीची परंपरा पार दादासाहेब फाळक्यांपर्यंत जाते. ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिदास मरतो, म्हणून त्या भूमिकेसाठी कुणी आपलं मूल देईना. शेवटी फाळक्यांनी स्वतःच्या भालचंद्रालाच उभं केलं. बाहेरच्या चित्रणाच्या वेळी तो खेळता खेळता खडकावर पडला, डोक्याला मार लागला आणि बेशुद्ध झाला. काम थांबवू, पोराला नाशिकला नेऊ, असं मंडळींनी सुचवलं. पण चितेवर ठेवलेल्या मृत रोहिदासाचं दृश्य घ्यायचं राहिलं होतं. फाळक्यांनी बेशुद्ध मुलावरच ते दृश्य, दिवस मावळायच्या आत, उरकून घेतलं.

हा प्रसंग ध्येयवेडाचा दाखला म्हणून सांगितला जातो. ऐकताना मला अवघडायला होतं. घरातले दागिने मोडून उभा केलेला सिनेमा, पुन्हा सगळी जमवाजमव करायची तर खर्च दुप्पट, आणि मराठी माणसाला सिनेमा काढणं अजून नवीनच होतं. हे सगळं मान्य. बापाने काळजावर दगड ठेवला, हेही मान्य. पण धोका बापाने पत्करला, असं जे आपण म्हणतो ते खरं नाही. धोका होता मुलाच्या जिवाला, आणि त्याला तर ‘जमेल ना’ म्हणून विचारायचीही सोय नव्हती. चित्रपट 1913 च्या मे महिन्यात लागला, मूल वाचलं, इतिहास घडला. मूल वाचलं नसतं तर हाच प्रसंग आपण कोणत्या तोंडाने सांगितला असता?

थांबलो की सिनेमा मेला, ही भीती आपल्या कोल्हापूरच्या इतिहासाशी ताडून बघावी. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी मिळून सिनेमाचं वेड घेतलं. कॅमेरा हाताने घडवायचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदरावच गेले. काम रेंगाळलं. मग बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढे 1947 च्या ऑगस्टमध्ये दिग्दर्शक मास्टर विनायक ऐन चाळिशीत गेले, ‘मंदिर’ हा चित्रपट अर्धवट टाकून. तो दिनकर पाटलांनी पुरा केला. एवढी मोठी माणसं कायमची उठून गेली, तरी चित्रं पुरी झाली. तापाने पडलेला नट तर दोन-चार दिवसांत परत येणार असतो.

अर्थात, हे कागदावर लिहायला माझं काय जातं? व्याजाने पैसे काढून सिनेमा करणाऱ्या पोराला एक दिवस वाया जाणं म्हणजे काय, ते त्यालाच कळतं. मोठ्या निर्मात्याकडे विमा असतो, याच्याकडे फक्त नारळ फोडलेला असतो.

मग नियम करून सोडवावं का? तेही करून झालं. 2020 च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू झालं तेव्हा 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई होती. आम्ही खायचं काय, असं विचारत ज्येष्ठ कलाकार उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती अट काढून टाकली. मला निकाल योग्य वाटला, आजही वाटतो. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, सातारा जिल्ह्यात ‘आई माझी काळूबाई’ मालिकेचं चित्रीकरण चालू असताना युनिटमधल्या वीसहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाली आणि 22 सप्टेंबरला त्यातल्याच ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर गेल्या. वय 79. त्यांनी काम करायला नको होतं, असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण काम करायचा हक्क हाती आला आणि नुकसान न सोसता थांबायचा हक्क मागेच राहिला, हे त्या वर्षाने दाखवलं.

त्यातही ओढाताण सगळ्यांची सारखी नसते. नायिकेला ताप आला तर निदान सीन पुढेमागे करतात, तिच्या पाठमोऱ्या शॉटला डमी उभी करतात. लाइटमनला उलट्या सुरू झाल्या तर दुसरा लाइटमन येतो. पहिल्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, म्हणून तो उलट्या लपवतो आणि शिडीवर चढतो. आजार लपवणं ही त्याची लबाडी म्हणायची की आपली?

थांब कुणी म्हणायचं, याची जाण आपल्याकडे लाल मातीत आहे. पैलवान स्वतःहून ‘नको’ म्हणत नाही, गर्दीसमोर तर नाहीच. खांदा उतरलेला दिसला की वस्तादच कुस्ती सोडवतो, आणि मागे सरल्याचा डाग पैलवानाला लागत नाही. सेटवर असा माणूस हवा आणि तो दिग्दर्शक नको, कारण दिग्दर्शकाच्या डोळ्यापुढे मावळता सूर्य असतो. युनिटमधलाच एखादा वयस्क, ज्याच्या शब्दावर पॅकअप होईल, तो मुहूर्ताच्या आधी नेमावा. असं पॅकअप होईल त्या दिवशी कुणाचाही रोज कापला जाणार नाही, हेही तेव्हाच सगळ्यांसमोर सांगावं. यासाठी एक दिवसाचे पैसे बजेटमध्ये बाजूला ठेवावे लागतील. निर्माता म्हणेल, एवढ्या पैशांत ज्योतिबाच्या डोंगरावरून ड्रोनचा शॉट झाला असता. तो घेऊ नये.