उत्साह आणि निर्वेद

मराठीत उत्साह हा शब्द आता बराच स्वस्त झाला आहे. गणेशोत्सवापासून ग्रामपंचायतीच्या मतदानापर्यंत सारे काही वर्तमानपत्रांतून ‘मोठ्या उत्साहात’ पार पडते, आणि एखाद्याला ‘फार उत्साही’ म्हणताना बोलणाऱ्याच्या ओठांवर बहुधा मिस्कील हसू असते. त्यामुळे वैधव्य, पदच्युती, दुर्धर आजार किंवा तुरुंगवास अशा आयुष्याची घडीच विस्कटणाऱ्या प्रसंगी माणसाने उत्साह धरावा असे कोणी म्हटले, तर ते निष्ठुर वाटते. मात्र संस्कृत परंपरेने या शब्दात साठवलेला अर्थ आनंदाच्या उधाणाचा नाही. ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘सह्’ म्हणजे सोसणे, पेलणे. सहन आणि उत्साह हे दोन्ही शब्द एकाच धातूचे असून, संस्कृतात कोणी ‘नोत्सहे’ म्हणतो तेव्हा आपल्याला मौज वाटत नाही असे नव्हे, तर हे करायला आपले मन धजत नाही असे त्याला सांगायचे असते. फारशीतून मराठीत आलेल्या ‘उमेद’ या शब्दाची नजर पुढच्या फळाकडे असते. उत्साहाची नजर हातातल्या कामावर असते.

हा भेद भरताच्या नाट्यशास्त्रात फार नेमकेपणाने दिसतो. तेथे आठ स्थायी भाव, म्हणजे मनात टिकून राहणाऱ्या आणि रसाला आधार देणाऱ्या वृत्ती, सांगितल्या असून उत्साह हा त्यांपैकी वीररसाचा स्थायी भाव आहे. हर्ष मात्र तेहेतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या वृत्तींत, गणला आहे, आणि त्याच रांगेत विषाद व निर्वेदही बसले आहेत. आनंद आणि खिन्नता दोन्ही पाहुणे आणि उत्साह तेवढा घरचा, अशी ही मांडणी आहे. तो ज्यांतून उपजतो त्या गोष्टींत भरताने असंमोह, म्हणजे गोंधळून न जाणे, आणि अध्यवसाय, म्हणजे निश्चयाला चिकटून राहणे, यांचा समावेश केला आहे. रणवाद्यांच्या गजरापेक्षा ही सामग्री किती थंड डोक्याची आहे, हे सहज ध्यानात येईल.

वाल्मीकिरामायणात या वृत्तीची परीक्षा दोनदा होते. किष्किंधाकांडाच्या आरंभी राज्य, पिता आणि आता पत्नीही गमावलेला राम पंपा सरोवराच्या काठी वसंत पाहतो आणि त्या फुललेल्या वनामुळेच त्याचा शोक अनावर होतो. कवी त्याला मनसोक्त विलाप करू देतो. सर्गाचा बहुतेक भाग त्या विलापानेच व्यापला आहे, आणि लक्ष्मण उत्साहाची गोष्ट काढतो ती त्यानंतर. तेलात बुडालेली ओली वातसुद्धा जळते, असे तो म्हणतो, तेव्हा ‘स्नेह’ या शब्दातले तेल आणि माया हे दोन्ही अर्थ त्याच्या बोलण्यात एकत्र आलेले असतात. प्रेम सोड असे त्याचे म्हणणे नाही. प्रेमात जळून गेलास तर शोध कोण घेणार, असा त्याचा रोख आहे. दुःखिताला पहिल्याच दिवशी हसायला सांगणाऱ्या आजच्या हितचिंतकांनी हा क्रम पाहून ठेवावा.

दुसरा प्रसंग सुंदरकांडातला. रावणाचे अंतःपुर, पानशाळा, चित्रशाळा सारे धुंडाळूनही सीता दिसत नाही, तेव्हा हनुमान खचतो आणि स्वतःला अनिर्वेदाची आठवण देतो. निर्वेद म्हणजे मन विटणे, हात गळणे. अनिर्वेद म्हणजे ते होऊ न देणे. विशेष असे की, या आठवणीने त्याच्या मनात कसलाही प्रकाश पडत नाही. तो फक्त पुन्हा शोधू लागतो: दारे उघडतो, लोटतो, चढतो, उतरतो, आणि चार बोटे जागासुद्धा पाहायची उरत नाही. तरीही सीता सापडत नाहीच. पुढच्याच सर्गात निराशा पहिल्यापेक्षा मोठी होऊन परतते; आपण रिकाम्या हातांनी गेलो तर राम मरेल, मग लक्ष्मण, मग भरत आणि शत्रुघ्न, मग माता, मग सुग्रीव, अशी मृत्यूंची साखळीच तो मनात ओवतो आणि स्वतःच्या मरणाचाही विचार करतो. त्यातून तो सावरतो ते जिवंत राहिलेल्यालाच भले पाहायला मिळते एवढ्या साध्या हिशोबावर, आणि मग त्याला दिसते की अशोकवन अजून पाहिलेले नाही. उत्साह एकदा मिळाला की कायमचा, ही समजूत या दोन सर्गांत टिकत नाही. स्थायी असूनही तो वारंवार नव्याने धरावा लागतो.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती शब्दांपुरती नाही. जो निर्वेद हनुमान झटकतो, तोच गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बुद्धी मोहाच्या चिखलातून पार झाल्याची खूण म्हणून सांगितला आहे, आणि मम्मटाने तर त्याला शांतरसाचे स्थायी पद दिले आहे. सर्व काही बदलणारे आणि नाशवंत असेल, तर त्यात उत्साह धरायचा तो कशासाठी? गीता अठराव्या अध्यायात याचे उत्तर कर्त्याच्या तीन प्रकारांतून देते. फळाची हाव धरून हर्ष-शोकांत हेलकावणारा तो राजस, विषादी आणि चालढकल करणारा तो तामस, आणि आसक्ती सोडलेला, यशापयशात न बदलणारा, पण धृती आणि उत्साह यांनी युक्त असा तो सात्त्विक. विटायचे ते फळाला, कामाला नव्हे, असा याचा अर्थ होतो. बौद्ध परंपरा याहून एक पाऊल पुढे जाते. महापरिनिर्वाणाच्या वेळी बुद्धाने अनित्यता सांगितली ती अप्रमादाच्या, म्हणजे न चुकता जागे राहून झटण्याच्या, उपदेशाबरोबरच. तेथे नश्वरता हेच झटण्याचे कारण ठरते. शांतिदेवाने बोधिचर्यावतारात वीर्याची व्याख्या कुशल कर्मातला उत्साह अशी केली आणि त्याच्या शत्रूंमध्ये आळसाबरोबर ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ या आत्मावमानालाही बसवले, हे त्याचे मोठे मर्मज्ञपण होय. कौटिल्याने मात्र राजाच्या तीन शक्तींत उत्साहशक्तीला मंत्रशक्ती आणि प्रभुशक्ती यांच्या खाली ठेवले आहे, आणि विचाराविना उसळणाऱ्या उत्साहाची गत पाहिलेल्याला ते पटावे.

गीतेतल्या त्या सात्त्विक कर्त्याची कसोटी गीतेच्याच एका भाष्यकारावर आली. 22 जुलै 1908 रोजी, वयाची बावन्न वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मधुमेह जडलेल्या त्या माणसाचे जग मंडालेच्या तुरुंगातल्या एका खोलीएवढे उरले. 1910-11 च्या हिवाळ्यात तेथे गीतारहस्य लिहून झाले. लिहायला शाई नव्हती, शिसपेन्सिली होत्या. सुटे कागद नव्हते, पाने मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या होत्या. 1912 साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची बातमी त्यांना त्याच खोलीत कळली. 1914 च्या जूनमध्ये ते सुटले तेव्हा हस्तलिखित सरकारनेच ठेवून घेतले होते, ते लवकर परत येण्याची चिन्हे दिसेनात आणि भोवतालचे लोक धास्तावले; वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, वेळ आली तर सिंहगडावर बसून तो पुन्हा लिहून काढता येईल, असे टिळकांचे त्यावर म्हणणे होते. वह्या अखेर परत आल्या आणि 1915 साली ग्रंथ छापून निघाला.