चार दिवसांचे लंडन

थोड्या वेळात पुष्कळ पाहावे, की पुष्कळ टाकून थोडेच पाहावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ प्रवाशाच्या सोयीचा वाटतो. परंतु गेले दोन आठवडे आमच्या मेजावर पडून असलेल्या एका कागदाने, तो सोयीचा नसून नीतीचा आहे, अशी आमची खात्री करून दिली आहे. येत्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील एका विद्यापीठात इंग्रजीच्या अध्यापकांची परिषद भरावयाची आहे. तीस जाण्याचा योग आम्हांस आला असून, परतताना लंडन शहरी चार दिवस मुक्काम करण्याइतकी सवड आहे. खामगावात राहून अठ्ठावीस वर्षे ज्या नगरीचे वाङ्मय आम्ही शिकविले, ती नगरी आम्ही अद्याप पाहिलेली नाही. तेव्हा उत्साहाच्या भरात कागद घेऊन आम्ही पाहावयाच्या स्थळांची यादी केली. ती सत्तावीस भरली.

मग हिशेब आला. दिवसाचे नऊ तास धरले तर चार दिवसांचे छत्तीस होतात. त्यांतील एक तृतीयांश जाण्यायेण्यात व खाण्यापिण्यात गेले, की उरतात चोवीस. म्हणजे प्रत्येक स्थळाच्या वाट्यास सुमारे त्रेपन्न मिनिटे! एका कवितेस तीन-तीन तास देणारे आम्ही; आणि ज्या वेस्टमिन्स्टर ॲबीत १४०० सालापासून चॉसर चिरनिद्रा घेत आहे, तीस पुरता एक तासही देण्यास तयार नव्हतो. विद्यार्थ्याने असे वाचन केले असते, तर आम्ही त्यास खचितच बोल लावला असता.

या विवंचनेत असता शेजारचे एक वृद्ध शेतकरी गृहस्थ सहज आले. कागदाची हकीगत ऐकून ते म्हणाले, “सर, तुम्ही तं जासान, पण आमच्यासाठी काय पाहून येसान?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. सत्तावीस नावांपैकी एकही त्यांच्यासाठी लिहिलेले नव्हते. बारकाईने पाहिले असता, त्यांतील फारच थोडी आमच्यासाठी तरी होती! बहुतेक नावे पाठ्यपुस्तकांनी व मार्गदर्शिकांनी आमच्या हातून लिहवून घेतली होती. ‘पाहिले’ असे म्हणता यावे, एवढ्याचसाठी ती तेथे होती.

कीर्ती ही नेहमीच खोटी असते, असे आमचे म्हणणे नाही. शेकडो वर्षे लाखो लोक ज्या वास्तूपुढे थबकतात, तीत काही असल्यावाचून ते थबकत नाहीत. परंतु कीर्तीच्या मागे डोळे मिटून जाणारा कसा फसतो, याचे उदाहरण आमच्याच यादीत निघाले. वर्डस्वर्थच्या प्रसिद्ध सुनीतामुळे वेस्टमिन्स्टरचा पूल आम्ही अग्रभागी घातला होता. तेथे पहाटे उभे राहून, कवी जेथे थबकला तेथेच आपणही थबकलो, असे मनाशी म्हणण्याचा आमचा बेत होता. पुढे ध्यानात आले की हल्लीचा पूल १८६२ साली रहदारीस खुला झाला. वर्डस्वर्थ १८५० सालीच निवर्तला होता. ज्या दगडांवर उभे राहून आम्ही गहिवरणार होतो, ते कवीने कधी पाहिलेच नव्हते.

मग प्रवाशाने निवड करावी कशी? एक उत्तर असे सुचते की, ज्याने त्याने आपल्या गावाचा धागा धरून जावे. आमच्यापाशी असा धागा आहे, आणि तो कापसाचाच आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावास आले ते, जलंबपासून येथवरचा अवघा आठ मैलांचा लोहमार्ग खुला करण्यासाठी. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय येतो, तो गावाच्या प्रेमाने येत नाही. कापसाच्या गाठींसाठी येतो. त्या काळी आमच्या प्रांताचे भवितव्य ज्या इमारतीत ठरे, ते इंडिया ऑफिस व्हाइटहॉलजवळ होते. १९४७ साली ते कार्यालय संपले. पण इमारत परराष्ट्र खात्याचा भाग होऊन अद्याप उभी आहे. आमच्या सत्तावीस नावांत तिचे नाव नव्हते. ज्या शेजाऱ्यांचे आजे-पणजे तो कापूस वेचीत आले, त्यांस सांगण्याजोगे लंडनमध्ये काही असेल, तर ते या दगडी भिंतींपाशीच असणार.

तथापि या मार्गावरही दोन खड्डे आहेत. पहिला असा की, प्रवासी सावकाराप्रमाणे बाकी वसूल करण्याच्या मुद्रेने हिंडू लागतो, आणि जो सावकारी दृष्टीने पाहतो त्यास घर दिसत नाही, फक्त तारण दिसते. अन्यायाचे स्मरण ठेवणे हे कर्तव्य होय. परंतु त्या स्मरणाच्या बळावर, चॉसरच्या थडग्यापुढे मान लववण्याच्या ऋणातून कोणी मुक्त होत नाही. दुसरा खड्डा अधिक हास्यास्पद आहे. परदेशी जाऊन आपलेच प्रतिबिंब शोधीत फिरण्याची खोड माणसास लवकर जडते. ब्रिटिश म्यूझियममध्ये अमरावतीच्या शिल्पांचे स्वतंत्र दालन आहे, असे वाचून आमची छाती क्षणभर फुगली. मग उमगले की ती अमरावती आमची नव्हे, कृष्णाकाठची, आंध्रातली! सर्वत्र आपलेच गाव पाहू इच्छिणाऱ्याची अशी फजिती व्हावयाचीच.

या दोन्ही खड्ड्यांतून पार गेलेल्या एका पुरुषाचे उदाहरण आम्हांस मार्गदर्शक वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले. त्यांच्यापाशी वेळ आमच्याहून पुष्कळ होता, पैसा मात्र बेताचाच. त्यांनी त्या अफाट नगरीतून काय निवडले? ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयातील एक आसन. सकाळी दार उघडताच आत जावे, सायंकाळी बंद होताना बाहेर पडावे, असा त्यांचा क्रम होता. ज्या साम्राज्याची ती राजधानी, त्याच्याच चलनाची चिकित्सा करणारा त्यांचा रुपयाविषयीचा प्रबंध १९२३ साली तेथेच प्रसिद्ध झाला. त्या नगरीपुढे ते दिपले नाहीत व तिच्यावर रुसलेही नाहीत. तिच्यातून घेण्याजोगे होते ते त्यांनी नेमके घेतले. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या ज्या घरात ते राहिले, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले असून तेथे त्यांचे स्मारक आहे.

निवड म्हणजे त्याग होय, हे आमच्या वाडवडिलांस ठाऊक होते. काशीस गेलेल्या यात्रेकरूने आपल्या आवडीचे एखादे फळ वा भाजी तेथे सोडून यावी, अशी चाल आहे. लहानपणी आम्हांस तिचे हसू येई. आता वाटते, यात्रा किती पाहिले यावर मोजावयाची नसून काय सोडले यावरही मोजावयाची, असा तिचा अर्थ असावा. तो ध्यानी घेऊन आम्ही लेखणी उचलली आणि कागदावर चार नावे ठेवली: ॲबीतील कवींचा कोपरा, इंडिया ऑफिसची ती इमारत, बाबासाहेबांचे घर, आणि नॅशनल गॅलरीतील एखादे दालन. शेवटचे मुद्दाम ठेवले, कारण त्या चित्रांशी आमच्या गावाचा, विषयाचा, कशाचाच संबंध नाही. प्रत्येक दिवसाचा उत्तरार्ध कोरा ठेवला. ज्या शहरास आपण बोलण्यास अवसरच देत नाही, ते आपल्याशी काय बोलणार?

एवढे झाल्यावर कागद मोठ्या अभिमानाने सौभाग्यवतींपुढे ठेवला. पदरचा खर्च एकाच्याच तिकिटापुरता असल्याने त्या येणार नाहीत, हे येथे सांगणे प्राप्त आहे. त्यांनी तो शांतपणे वाचला व विचारले, “आणि टॉवरमधला कोहिनूर?” आम्ही कीर्तीच्या मिथ्यात्वावर बोलू लागलो. त्या म्हणाल्या, “तुम्ही शेजाऱ्यांसाठी काय पाहाल ते ठरविलेत. माझ्यासाठी कोहिनूर पाहून या.” यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. सत्तावीसांतून खोडलेले ते नाव आम्ही पाचवे म्हणून पुन्हा लिहिले. जे न येणारे आहेत, त्यांच्या नजरेचाही आपल्या डोळ्यांवर हक्क असतो, आणि ती नजर आमच्याइतकी तत्त्वज्ञ असावी असा आग्रह धरणे हा अहंकारच होय.

शेवटी एक कबुली देणे उरले आहे. आमच्या याच बुलढाणा जिल्ह्यात, एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर, लोणारचे सरोवर आहे. आकाशातून पडलेल्या पाषाणाने बेसॉल्टच्या खडकात खणलेले सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे ते विवर पाहण्यास जगभरचे भूशास्त्रज्ञ येतात. आम्ही ते एकदाच, तेही विद्यार्थ्यांची सहल मोजीत, पाहिले आहे. आणि आमच्या शेजाऱ्यांनी तर मुळीच पाहिलेले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. लंडनला जाण्यापूर्वीच्या रविवारी त्यांस घेऊन तेथे जावयाचे ठरविले आहे. काय काय पाहावयाचे, याची यादी मात्र या वेळी केलेली नाही.